भूमिस्वामीची पर्यायी जागा

मुलुंडच्या ज्या दुमजली मंडईच्या जिन्याखाली बसून मी गेली बावीस वर्षे जनतेची गाऱ्हाणी कागदावर उतरवीत आलो, ती मंडई पाडून तेथे नवी इमारत उभी करावयाचा ठराव गाळेधारकांच्या संस्थेने केला, त्या दिवशी सर्वांना पेढे वाटण्यात आले. मलाही एक मिळाला. तो तोंडात विरघळत असतानाच ध्यानी आले की नव्या इमारतीत भाजीवाल्यांस गाळा आहे, मसालेवाल्यास आहे, चपला शिवणाऱ्यासही आहे, मला नाही. जिना हा गाळा नव्हे, आणि जिन्याखालचे एक टेबल व दोन खुर्च्या कोणत्याही यादीत मोडत नाहीत.

माझा व्यवसाय अर्ज लिहिण्याचा. समोरच सरकारी कचेरी असल्यामुळे विक्रोळी-घाटकोपरपासून माणसे रेशनकार्डासाठी, दाखल्यांसाठी, नळजोडणीसाठी माझ्याकडे येतात. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले, परंतु पदवीधरांचे अर्ज मी लिहितो, ही वस्तुस्थिती आहे. अशा माणसाने स्वतःसाठी अर्ज करावा, हे मात्र मला पटेना. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या वतीने 'सविनय सादर' म्हणणाऱ्याने स्वतःच्या वतीने हात जोडायचे, ही कल्पनाच मला अशोभनीय वाटे. म्हणून मी गप्प राहिलो आणि जिन्याकडे पाहत बसलो.

अशा मनःस्थितीत एके सकाळी संस्थेचे सेक्रेटरी आले. त्यांचे मंडईतच वह्या-कागदांचे दुकान आहे.

"काय वकीलसाहेब," ते म्हणाले. माझी थट्टा करावयाची असली की ते मला वकीलसाहेब म्हणतात. "या मॅडम आपल्या आर्किटेक्ट. बँकॉकला शिकून आल्यात. यांचा रिपोर्ट इंग्लिशमध्ये आहे, आपल्या लोकांना झेपणार नाही. मराठी करून द्या ना. रविवारी मीटिंग आहे."

त्यांच्यामागे पंचविशीतील एक मुलगी हातात गुंडाळ्या घेऊन उभी होती. इंग्रजी मला वाचता येते. समजण्याविषयी मी तपशिलात जात नाही. मी म्हणालो, "ताई, कागद राहू द्या. चित्रे दाखवा आणि तोंडी सांगा. शब्द मी बघतो."

"काका, तुमची फी?"

"चित्रे समजावून सांगणे, हीच फी."

"म्हणजे अदलाबदल!" ती हसली. "मग तर रिपोर्टचा विषय तुम्हाला आधीच कळलाय. देवघेवीवर उभी राहिलेली तिथली घरं, आणि त्यातून आपल्या नव्या मंडईला काय घेता येईल."

तिने गुंडाळी उलगडली आणि माझ्या टेबलावर थायलंड पसरला. तेथील जुनी घरे लाकडी खांबांवर उंच उचललेली असतात. माणसे वर राहतात आणि खालची मोकळी सावली सर्वांची असते. तेथे माग चालतो, भात साठवतात, शेजारीण केळी घेऊन येते व अंडी घेऊन जाते. पुढच्या चित्रात कालवा होता, आणि घरांची तोंडे रस्त्याकडे नसून पाण्याकडे होती, कारण गिऱ्हाईक होडीतून येई. घराच्या पायऱ्या पाण्यात उतरत होत्या आणि शेवटच्या पायरीवर एक बाई होडीतल्या बाईशी भाव करीत होती.

"तिथे आधी व्यवहार येतो, काका, आणि मग भिंत," मुलगी म्हणाली. "घर कुठून उघडायचं हे गिऱ्हाईक ठरवतं."

मी खाली वाकून माझे टेबल पाहिले. डोक्यावर जिना, तीन बाजू मोकळ्या, खाली सर्वांची सावली. बावीस वर्षे मी थायलंडमध्ये बसलो होतो आणि मला कोणी सांगितले नव्हते!

मग रुळांवर भरणाऱ्या बाजाराचे चित्र आले. आगगाडी आली की दुकानदार ताडपत्र्या मिटून घेतात आणि गाडी गेली की पुन्हा उघडतात. जिन्यालगत हार विकणारी मावशी एव्हाना खांद्यावरून डोकावत होती. मावशी मूळची मालवणची.

"ह्यात काय नवीन?" ती म्हणाली. "अतिक्रमणवाल्यांची गाडी इली की आम्ही पण मिटतंव."

"मावशी, तिकडे गाडी गेल्यावर टोमॅटो जागेवर असतात," मी म्हणालो.

"मगे तां खरां नवीन!"

त्या दिवशी माझ्या अंगात काय संचारले, ते सांगणे कठीण आहे. दुपारी मी दोन गिऱ्हाइकांना खाली मोकळी सावली व वर घर या रचनेचे महत्त्व समजावून सांगितले. ती जन्मदाखल्यासाठी आली होती. संध्याकाळी टेबलाच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा लावल्या. दुसऱ्या दिवशी आलेल्या एका गृहस्थाची हनुवटी टेबलाच्या कडेला टेकत होती. त्यांनी विचारले, "हे असं का?" मी म्हणालो, "खालून हवा खेळते." त्यांनी मान डोलावली आणि तसाच अंगठा उमटवला.

मुलीने त्या सकाळी दाखवलेले शेवटचे चित्र मात्र मी विसरू शकलो नाही. एका खांबावर लहानसे नक्षीदार घर होते, बाहुलीचे असावे असे. पुढे फुले, उदबत्ती, आणि लाल सरबताची बाटली, तीही नळी घातलेली.

"हे भूमीच्या स्वामीचं घर," मुलगी म्हणाली. "तिकडे मानतात की जमीन आधी त्याची असते. आपण येऊन त्याला हलवतो. म्हणून इमारत बांधायची तर त्याला पर्यायी घर द्यायचं. आणि मोठ्या इमारतीची सावली त्यावर पडू द्यायची नाही."

मी खुर्चीतून उठलो. "म्हणजे मूळ रहिवाशाला पर्यायी जागा? इमारतीच्या आधी?"

"हो."

"करार?"

"करार नाही, काका. रोज फुलं आणि सरबत. बदल्यात तो इमारत सांभाळतो."

"अगो, ह्यो तर राखणदार!" मावशी ओरडली. "आमच्या गावात पण आसा. नारळ द्यायचो आणि गाऱ्हाणां घालायचां."

गाऱ्हाणे घालणारा माणूस देवापुढे उभा राहून सर्वांच्या वतीने मागणे मांडतो, म्हणजे तोंडी अर्जच करतो. माझा धंदा इतका प्राचीन आणि इतका आंतरराष्ट्रीय आहे, हे कळल्यावर मला त्या रात्री जेवण गेले नाही. आनंदाने गेले नाही, हे नमूद करतो.

शनिवारी मी एका बैठकीत अहवाल लिहून काढला. अर्ज लिहिणाऱ्याच्या हाताला एक शिस्त असते. मागणी नसलेला कागद तो कागद मानीत नाही. प्रत्येक परिच्छेद लिहून झाला की हात आपोआप 'करिता विनंती की' असे लिहितो, आणि तळाशी अर्जदाराचा पत्ता घालतो. खांबांवरील घरांपाशी मी लिहिले, 'करिता विनंती की, तळमजला सर्वांसाठी मोकळा ठेवणेत यावा.' कालव्यापाशी लिहिले, 'करिता विनंती की, इमारतीचे तोंड गिऱ्हाइकाकडे करणेत यावे.' एका दमात शेवटापर्यंत आलो, सही ठोकली, आणि तो कागद न वाचताच सेक्रेटरींच्या हाती दिला. मी लिहिलेले पुन्हा वाचीत नाही. त्याची गरज पडत नाही.

रविवारी मंडईच्या गच्चीवर सभा भरली. सेक्रेटरी माझा कागद मोठ्याने वाचू लागले. लोक ऐकत होते, मधूनच टाळ्या पडत होत्या, आणि भिंतीशी उभ्या असलेल्या माझी छाती प्रत्येक टाळीसरशी एक बोटभर वाढत होती. मग ते शेवटच्या परिच्छेदापाशी आले.

"'करिता विनंती की, अर्जदार हा या भूमीवर पूर्वीपासून बसत असल्याने, मंडई पाडणेपूर्वी त्यास पर्यायी जागा देणेत यावी व त्यावर इमारतीची सावली पडू नये. अर्जदार राहणार, जिन्याखाली, मंडई, मुलुंड.'" सेक्रेटरी थांबले. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "अहो वकीलसाहेब! हा रिपोर्ट आहे की तुमचा अर्ज?"

गच्ची अशी हसली की कबुतरे उडाली. मी शपथेवर सांगतो की मी भूमिस्वामीचाच अर्ज लिहीत होतो. त्याचा पत्ता विचारायला कोणी नव्हते, तेव्हा हाताला जो पत्ता येत होता तो त्याने लिहिला. पण तो कागद ऐकताना मलाच कळले की गेले महिनाभर माझ्या पोटात जे अडकून बसले होते, ते हाताने मला न विचारता सादर करून टाकले होते.

"चूक झाली," मी म्हणालो. "तो परिच्छेद वगळावा."

"कित्याक वगळायचो?" मावशी हाराची टोपली घेऊनच उभी राहिली. "माझ्या झिलाचो शाळेचो दाखलो कोणी लिवलो? तुझ्या दुकानाचां लायसन कोणी लिवलां, सेक्रेटरी? ह्यो आमचो राखणदार. ह्येका आधी जागा, मगे भिंत पाडा!"

"पण मावशी, ते गाळेधारक नाहीत ना," सेक्रेटरी म्हणाले.

"राखणदार खंयच्या यादीत आसता?"

मसालेवाला म्हणाला, "बरोबर आहे यार." मागून कोणी तरी म्हणाले, "आणि सरबत पण द्या त्यांना!" पुन्हा हशा. मुलीने तेवढ्यात नकाशा उलगडून प्रवेशद्वाराशेजारच्या एका मोकळ्या चौकोनावर पेन्सिलीने लहानसे छप्पर काढले आणि सेक्रेटरींपुढे धरले. "सर, इथे बसतं. सावलीही पडत नाही, मी बघितलंय."

सेक्रेटरींनी नकाशाकडे पाहिले, मग सभेकडे. "करा मंजूर," ते म्हणाले, "नाहीतर हे रोज एक अर्ज टाकतील." हात वर झाले. मी मोजले नाहीत, सगळेच होते.

मंडई पाडावयास अजून आठ दिवस होते, तेव्हाच मंडईभोवती घातलेल्या पत्र्याच्या कुंपणाबाहेर, नकाशातल्या त्याच चौकोनावर, सुताराने माझी टपरी उभी केली. मुलीच्या हट्टाने तिला चार खांब आणि लाल उतरते छप्पर आहे. जमिनीपासून ती दोन विटा उंच आहे. तो माझा हट्ट. पहिल्या दिवशी मी आत बसलो, टेबलावर कागद मांडले, तर मावशीने येऊन छपराला झेंडूचा हार बांधला. मागोमाग मुलगी आली आणि तिने माझ्यापुढे लाल सरबताची बाटली ठेवली, नळी घालून.

"काका, आता मंडई सांभाळायची जबाबदारी तुमची."

मी नळी ओठांत धरली तोच विक्रोळीहून आलेली एक वृद्ध बाई समोर उभी राहिली. तिने हाराकडे पाहिले, छपराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, चपला काढल्या आणि दोन्ही हात जोडले.

"चपला घाला, आजी," मी सरबत गिळून म्हणालो, "आणि आधारकार्डाची झेरॉक्स आणलीत का?"