पुसलेला चिखल

पत्नी गेल्यानंतर दोन महिन्यांनी तिच्या चित्रकलेच्या गटातल्या एका बाईंचा फोन आला. गटाच्या प्रदर्शनात तिचं शेवटचं चित्र लावायचं होतं. ते न्यायला उद्या येते, म्हणाल्या.

ती फक्त पेन्सिलीनं चित्रं काढायची. रंग कधी भरणार, असं मी सुरुवातीला विचारायचो. एकदा ती म्हणाली, "अहो, तुम्ही वाचता त्या कादंबरीत एकही चित्र नसतं, मग ती अर्धवट असते का?" त्यानंतर मी विचारलं नाही.

शेवटचं चित्र मुर्ध्याच्या खाडीचं. ओहोटीची वेळ, कलंडलेली एक होडी. तीन रविवार ती तिथे काढत बसली होती आणि मी शेजारी वाचत.

वाचनालयाच्या पुस्तकात कुणी पेन्सिलीच्या खुणा केलेल्या असल्या, तर परत करण्याआधी मी त्या खोडून टाकतो. जुनी सवय आहे. फोन आला त्या दिवशी चित्र बाहेर काढलं, तर होडीखाली करडे डाग आणि त्यांत रेघोट्या दिसल्या, कुठेकुठे बोटांचे ठसेही. तिचा हात घासला गेला असेल, असं वाटलं. मऊ खोडरबर घेऊन तासभर जपून पुसत बसलो. कागद स्वच्छ झाला. तिचं एक राहिलेलं काम केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाई चित्राकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "चिखल कुठे गेला?"

ती पेन्सिलीची पूड बोटानं पसरून चिखल करायची, हे मला त्यांच्याकडून कळलं. होडी आता हवेत टांगल्यासारखी दिसत होती.

बाईंनी मला बोल लावला नाही. हवं तर मी भरून देते, आम्ही एकत्रच शिकलो, कुणाला कळणारही नाही, असं म्हणाल्या. मी नको म्हटलं. मग असंच लावू, म्हणाल्या.

"असं तिनं काढलं नव्हतं," मी म्हणालो.

शेवटी उत्तनला वाळत घातलेल्या बोंबलांचं एक लहान चित्र त्यांना दिलं. तेही तिचंच, पण शेवटचं नव्हे. जाताना बाई म्हणाल्या, खाडीचं चित्र उजेडात तिरकं धरून बघा, दाब देऊन काढलेल्या रेषा खोडल्या तरी जात नाहीत.

संध्याकाळी कागद खिडकीशी नेला. चिखलातल्या भेगांच्या रेषा कागदात उमटलेल्या होत्या, मला मोजता येतील इतक्या स्पष्ट. बोटानं केलेलं काही दिसलं नाही. उजेड होता तोवर बघत राहिलो.