बाबांच्या नावानं सोडलेला गोऱ्हा

बाबा गेले त्या वर्षी माझी झोप कुठं संपायची आणि जाग कुठं सुरू व्हायची, ते मलाच कळत नसे. शनिवारी दुपारी बुलढाण्याहून एसटीत बसायचे, खिडकीला डोकं टेकायचे, आणि चिखलीच्या पुढं कधीतरी डोळा लागायचा. साखरखेर्ड्याच्या अलीकडं आमचा फाटा आला की कंडक्टर हाक मारायचा आणि मी तशीच पेंगत उतरायचे. फाट्यावरच्या कडुलिंबाखाली बहुतेक वेळा तो उभा असायचा, पांढरा, धुळीनं तांबूस झालेला. मला वाटायचं, कुणीतरी घ्यायला आलंय. बाबा यायचे ना पिशवी घ्यायला. मग तो शेपटी हलवत निघून जायचा आणि मी माझी पिशवी उचलायचे.

तो आमच्याच गाईचा गोऱ्हा. बाबांच्या तेरवीला मायनं त्याला सोडलं. भटजींनी समजावून पाहिलं, की आता असं कुणी करत नाही, जनावर लोकांच्या उभ्या पिकात तोंड घालील, त्यापेक्षा साधं दान द्या. माय हटून बसली. मांडीवर तापल्या लोखंडाचा डाग द्यायची रीत होती, तेवढी मात्र तिनं मोडली आणि कुंकवाचाच त्रिशूळ काढला. मग दावं कापलं. तिच्या लहानपणापासून तिला ठाऊक होतं, की असा गोऱ्हा कुणी जुंपत नाही, कुणी बांधत नाही, आणि त्याचं ते मोकळं फिरणं गेलेल्या माणसाला पोचतं. अट एकच. सोडणाऱ्यानं त्याला पुन्हा आपला म्हणायचं नाही. म्हटलं की दिलेलं परत घेतलं, आणि गेलेला माणूस तिकडं अडकून पडला.

ही अट माय कोर्टाच्या शिपायापेक्षा कडकपणे पाळायची. सांजेला तो यायचा आणि आमच्या फाटकाला कपाळ टेकवून उभा राहायचा. माय ओसरीवरून बघत राहायची. भाकरीचा तुकडा द्यायची नाही, अंगावरून हात फिरवायची नाही. "जा बापा," एवढंच म्हणायची, "हे तुह्यं घर नाही आता." फाटकाबाहेर तिनं पाण्याचं टाकं ठेवलं होतं, ते म्हणे गावच्या ढोरांसाठी. गावची ढोरं घरी भरपूर पाणी पिऊन यायची, हे मी चिडवायला म्हणून बोलले तर तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

त्या दिवसांत दुपारी ओसरीवर पडलं की मला एकच काहीतरी दिसत राहायचं. वावरातून कुणीतरी सावकाश चालत येतंय, मागं धूळ उठतेय, आणि ते माणूस आहे की जनावर हे काही केल्या कळत नाहीये. जाग आली की रडू यायचं. बाबांची फार आठवण यायची मला, उगाच कशाला लपवू.

गावानं सुरुवातीला त्याला हात जोडले. सोयाबीन गुडघ्याएवढं झाल्यावर तेच हात काठी शोधू लागले. एकदा तो पाठीवर हाताएवढा लांब वळ घेऊन फाटकाशी आला. मायनं ते पाहिलं, खांबाला धरून उभी राहिली आणि आत गेली.

मग ढोरांमध्ये लंपीची साथ आली. शेंगा भरायच्या सुमारास गोऱ्हा फाट्यावरच्या लिंबाखाली बसला तो उठेनाच. अंगभर गाठी, पाय सुजलेले, नाकातोंडातून लाळ. लोक घाबरले ते काही वेडे म्हणून नाही, प्रत्येकाच्या गोठ्यात जीव होते. पिकअपमध्ये घालून घाटाच्या जंगलात सोडून यायचं, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात गुरांचे डॉक्टर आले. ते म्हणाले, इंजेक्शन मी देतो, पण याला बांधून वेगळं ठेवावं लागेल, महिनाभर कुणीतरी बघावं लागेल. कानात बिल्ला मारून ते मोबाईलमध्ये नोंद करणार होते आणि त्यात मालकाचं नाव टाकल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं.

मालक म्हटल्यावर लिंबाखालची गर्दी अर्धी झाली. सरपंच आमच्या नात्यातलेच. ते म्हणाले, ग्रामपंचायतीचं नाव लावलं तर उद्या जो तो खाल्लेल्या पिकाची भरपाई पंचायतीकडं मागेल. मी म्हणाले, देवाला सोडलेला आहे तर मारुतीचं नाव लावा. मी उगाच बोलले नव्हते. बुलढाण्याला कोर्टाच्या कचेरीत माझी नोकरी. तिथं देवाच्या नावावर जमीन असते, देव दावा लावतो, जिंकतोही. जनावर मात्र तिथं येतं ते मुद्देमाल म्हणून, चोरीच्या मोटारसायकलीशेजारी दोरीनं बांधलेलं. पुजारी शांतपणे म्हणाले की नोंदीचा नंबर मालकाच्या मोबाईलवर येतो आणि मारुतीकडं मोबाईल नाही. लोक हसले. मलाही हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला, कारण समोर त्याचा श्वास घरघरत होता.

माय तोवर गर्दीच्या मागं पदर तोंडाशी धरून उभी होती. तिच्या मनात काय चाललंय ते मला स्वच्छ दिसत होतं. आपला म्हटलं तर बाबांना दिलेलं परत घेतलं. नाही म्हटलं तर हा घाटात मरतो. मी तिच्याजवळ गेले. तिनं मला बाजूला केलं आणि डॉक्टरांपुढं गेली.

"मले मालक नका लिहू," ती म्हणाली. "माह्या बापाचं वावर माह्या नावावर लागलं तवा मी पाळण्यात होती. माह्या मायचं नाव अ.पा.क. म्हणून लागलं. वावर तिचं नव्हतं, पण सांभाळलं तिनंच. तसं लिहा माह्यं."

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. सातबारा पाहिलेल्या कुठल्याही माणसाला ही अक्षरं कळतात. बाप गेला, पोर लहान आहे, तर जमीन पोराची आणि सांभाळायची जबाबदारी आईची. कोर्टात देवालासुद्धा असंच कायमचं लहान धरतात, त्याच्या वतीनं कुणीतरी उभं राहावं लागतं. इतकी वर्षं कचेरीत बसून मला हे सुचलं नव्हतं.

डॉक्टरांनी मोबाईल तिच्यापुढं धरला. "काकू, यात तसं काही लिहायची सोयच नाही."

"तुमच्या मोबाईलमदी काय दिसते ते तुम्ही पाहा," माय म्हणाली. "मी काय म्हटलं ते ह्या लोकाईनं ऐकलं."

डॉक्टरांनी मालकाच्या जागी मायचं नाव आणि नंबर टाकला, कानात बिल्ला मारला. चौघांनी मिळून त्याला आमच्या रिकाम्या गोठ्यात आणलं. गाय मायनं आधीच आत्याकडं पाठवली होती. मी रजा काढली. ते दिवस मला आता एकाच लांबलचक दुपारीसारखे आठवतात. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर, हळदीचा वास, पत्र्याच्या भोकातून येणारे उन्हाचे कवडसे आणि त्यात तरंगणारी धूळ. माय त्याच्या गाठी कोमट पाण्यानं पुसायची, फुटलेल्यांवर हळद आणि तेल लावायची. तो कधी डोळे मिटायचा, कधी नुसता तिच्याकडं बघत राहायचा. बाबा गेल्यापासून मी तिला कुणावरून असा हात फिरवताना पाहिलं नव्हतं. एका दुपारी पुसता पुसता ती रडायला लागली, मोठ्यानं, तेरवीलासुद्धा रडली नव्हती तशी. मी तिच्या पाठीशी बसले. रडणं थांबल्यावर मी विचारलं, इतके महिने जे मलाही खात होतं ते.

"माय, बाबाले पोचलं असंन का वं?"

तिनं कापड पिळलं. "त्याईले पोचलं का नाही, मले काय मालूम," ती म्हणाली. "ह्याले दुखून राह्यलं, हे मले दिसते."

आणि पुन्हा पुसायला लागली.

तो वाचला. अंगावर डाग राहिले, एक पाय जरा ओढतो. मायनं दावं सोडलं, फाटक उघडं ठेवलं आणि तो आपल्या चालीनं पांदीच्या वाटेनं निघून गेला. आता कानात पिवळा बिल्ला आहे, आणि मायचा नंबर साऱ्या गावाकडं आहे. कुणाच्या हरभऱ्यात तो शिरला की फोन येतो. मी घरी असले तर पलीकडचा आवाज मला चुलीपर्यंत ऐकू येतो, कारण ते लोक ओरडतच असतात. माय सगळं ऐकून घेते. बाबांचं नाव ती कधी मधे आणत नाही, पाप-पुण्याचं तर नाहीच.

"हाव, माह्याच सांभाळात आहे," ती म्हणते. "येऊन राह्यली मी. तोवर मारू नका त्याले." आणि चपला घालून वावराच्या वाटेला लागते.