पाच आवाजांच्या वहिनी

वहिनी हात वर करून आम्हाला गप्प करायच्या. "थांबा, अजून एक बाई यायची हाय!"

खोलीत बाई त्या एकट्याच असायच्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शुक्रवार पेठेतल्या त्या खोलीत मी तबल्याच्या साथीला जायचो. वहिनींचे यजमान, आमचे मास्तर, पेटी वाजवायचे. दोघांचा कार्यक्रम दर आठवड्याला रेडिओवर लागायचा. तुमच्यापैकी कुणी ऐकलाही असेल. पाच बायका मिळून ओव्या म्हणताहेत असं वाटायचं. त्या पाचही वहिनीच. एका मशीनवर गायलेली टेप लावायची, त्यासोबत पुन्हा गायचं आणि दोन्ही आवाज दुसऱ्या मशीनवर घ्यायचे, असं पाच आवाज होईपर्यंत. युक्ती त्यांचीच. मास्तर म्हणायचे, "हिला सवती आणायची लई हौस!"

लग्न त्यांनी घरच्यांच्या मनाविरुद्ध केलं होतं. वहिनींचा थोरला भाऊ तर, बहीण मेली, असंच सांगायचा. एकदा हॉटेलात रेडिओवर वहिनींचं नाव पुकारलं आणि कुणीतरी त्याला हसलं, "तुजी मेलेली बहीण गातीया की!"

दुसऱ्या दिवशी दुपारी, आमचं गाणं टेप होत असताना, तो पहार घेऊन आत घुसला. पहिल्या घावात एक मशीन फुटलं. दुसरं वाचवायला मास्तर त्यावर पालथे पडले. घाव उजव्या हातावर बसला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि भिंतीला चिकटून उभा राहिलो. वहिनींनी मशीनच्या तारा डागायला तापत ठेवलेली सळई उचलली आणि भावाच्या मनगटावर दाबली. कातडं चरचरलं. पहार खाली पडली तरी त्यांनी सळई काढली नाही.

वाचलेल्या टेपवर हे सगळं आलं होतं. वहिनींची आई येऊन पाया पडली. "पुसून टाक पोरी. तुजाच दादा हाय."

"व्हय, माजाच हाय. आन मोडलेला हात माज्या नवऱ्याचा हाय."

टेप त्यांनी स्वतः चौकीत नेऊन दिली. भाऊ तुरुंगात गेला.

मास्तरांची बोटं पुन्हा वळली नाहीत. वहिनींनी उसनं मशीन आणलं, जुन्या टेपवरची त्यांची पेटी लावली आणि तिच्यावर नवं गाणं म्हटलं. सुंदर झालं होतं. मास्तर ऐकत राहिले, मग ओरडले, "बंद कर! मी जित्ता हाय अजून!"

वहिनींनी मशीन बंद केलं. कार्यक्रमही तिथेच संपला.

महिन्याभराने दोघं माढ्याला निघाली, ती कायमचीच. मी स्टँडवर पोचवायला गेलो होतो. मास्तर मान फिरवून उभे होते आणि वहिनी, भर गर्दीत, त्यांच्या शर्टाची बटणं लावून देत होत्या.