ओरेस्टनं बुजवलेला खळगा

“लुबे, ह्यो हात जोडून बसल्याला कोण गं?”

“कोण म्हंजी? तूच की.”

“मग पुसून टाक. म्या हात जोडलंच न्हवतं. खळगा बुजवत हुतो.”

लुबा कोस्टिनुकनं चित्राचा कागद ओरेस्टच्या हातातनं ओढून घेतला आणि रिंकच्या, बर्फाच्या मैदानाच्या, लाकडी कठड्यावर सपाट पसरला. चित्रात बर्फावर गुडघे टेकलेला एक देखणा गडी होता. डोळे मिटलेले, हात छातीशी जोडलेले, वरून उजेडाचा झोत. ओरेस्ट बाबियाक एवढा देखणा स्वतःच्या लग्नातसुद्धा दिसला नव्हता.

लुबा गावच्या कमिटीची पुढारीण आणि ओरेस्टच्या शाळेतल्या वर्गातली. त्याचं ऐकून घ्यायची सवय तिला तेव्हाही नव्हती. दुपारी रंगारी यायचा होता. गावाच्या, डब्रोवाच्या, वेशीवर हमरस्त्याच्या कडेला फलक उभा राहणार होता, की थोरल्या लीगमध्ये आइस हॉकी खेळलेला ओरेस्ट इथला. शेजारच्या फर्गस गावात असा फलक कधीचा आहे. दर सामन्याला फर्गसवाले विचारायचे, तुमच्या वेशीवर काय हाय रं, एक धान्याचं कोठार आन् दुसरी त्याची सावली. आज संध्याकाळी तेच फर्गसवाले खेळायला येणार होते. रिंकच्या मागल्या स्वयंपाकघरात बायकांनी त्यासाठी सकाळपासूनच बटाटा भरलेले पिरोगी, म्हणजे उकडायच्या करंज्या, वळायला घेतले होते आणि लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास पार बर्फापर्यंत येत होता.

ओरेस्टला फलकाचं वावडं नव्हतं. पण डिझेल आणायला जाताना-येताना आपणच आपल्याला खोटे हात जोडून बसलेलं मरेपर्यंत बघायचं, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

“फलक नसला तरी चालंल,” तो म्हणाला. “पर ह्यो नगं.”

खळग्याची गोष्ट सांगायची तर दगडांपासून सुरुवात करावी लागते. सस्कॅचेवानच्या त्या मुलखात दर हिवाळ्यानंतर जमीन नवे दगड वर ढकलते. मग घरातल्या पोरांनी वाकून वाकून ते वेचायचे. थोरल्या लीगचे संघ त्या वर्षीची पोरं निवडायला बसले, तेव्हा ओरेस्ट पड रानात दगड वेचत होता. पहिल्या फेऱ्यांतली पोरं नवे कोट घालून मंचावर चढतात, त्यांचे फोटो निघतात. बारावी फेरी येईतो सभागृहात खुर्च्या आवरणारी माणसंच उरतात. त्या फेरीत एका संघानं ओरेस्टचं नाव घेतलं आणि घरी फोन केला. आईनं ऐकून घेतलं, पोरगा दगड वेचतोय, सांजच्याला करा म्हणाली, आणि बीटं सोलायला परत बसली. सांजेला कुणी फोन केला नाही.

बापानं, म्हाताऱ्या मायकोलानं, पुढं वर्तमानपत्रात अगदी बारीक अक्षरात नाव शोधलं. त्याखाली आणखी कुणी आहे का म्हणून पान उलटूनही बघितलं.

“तू तळाचा हाइस,” तो म्हणाला. “तळाला येक तर करप ऱ्हाती, न्हायतर खरवड. बगू काय निगतंय.”

मायकोला गावच्या रिंकचा बर्फ राखायचा. त्याचा एकच नियम होता आणि तो कुठं लिहिलेला नव्हता. बर्फावर जो पहिला पाय ठेवील, त्यानं आधी एक चक्कर मारायची. कुठं खळगा दिसला तर गुडघ्यावर बसायचं, बर्फाचा चुरा ओला करून त्यात दाबायचा, तळहातानं थोपटायचा आणि मगच खेळायचं. खळग्यात स्केटचं पातं अडकलं की पाय मोडतो. जो चुकेल, त्याच्या ढुंगणावर मायकोलाचं फावडं बसायचं. डब्रोवात चालायला शिकलेलं पोर हे सगळं न सांगता करतं.

ओरेस्ट त्या थोरल्या संघाच्या हाताखालच्या धाकट्या संघांतून खेळत राहिला. कामाला नाव नव्हतं, पण काम होतं. समोरच्यानं रबराची चकती फटकावली की आपलं अंग आडवं घालायचं. पुढचे दात एका गावात राहिले, गुडघ्याची कूर्चा दुसऱ्या गावात राहिली, आणि तिसऱ्या गावातल्या तिकीट खिडकीवर त्याला बायको, जॉईस, मिळाली, म्हणून तो म्हणायचा की गेलं-मिळालं सारखं झालं. बसमध्ये झोपायचा, सूप-पावावर दिवस काढायचा, आणि आपल्याला खेळायचा पगार मिळतो ह्याचं त्याला हसूच यायचं. वरच्या संघातनं बोलावणं मात्र येईना. सोबतचे गेले, त्यांच्यामागून आलेले गेले. ओरेस्टची मिशी पिकायला लागली.

शेवटी एका हिवाळ्यात वरच्या संघातली पोरं तापानं आडवी झाली आणि बोलावणं आलं. तिथं एक रीत आहे. नवा गडी पहिल्यांदा उतरणार असला की बाकीचे त्याला दारातनं पुढं ढकलतात आणि आपण मागंच थांबतात. मग एवढ्या मोठ्या रिंकमध्ये तो एकटाच चक्कर मारतो, आणि तो कावराबावरा झाला की सगळे पोट धरून हसतात.

ओरेस्टला रीत ठाऊक होती. पण हाडात मुरलेली रीत दुसरीच होती. बर्फावर पहिला पाय आपला, मग चक्कर मारून बघायला नको? गोलाच्या जाळीपाशी त्याला खळगा दिसला. तो थांबला, हातमोजा काढला, गुडघ्यावर बसला आणि हजारो माणसांदेखत चुरा दाबायला लागला. आधी सगळं चिडीचूप. मग असा हशा उसळला, की दारातले सोबतीसुद्धा भिंतीला टेकले. गोलकीपर तेवढा येऊन जागा पायानं चाचपून गेला आणि त्याच्या पाठीवर काठी टेकवून म्हणाला, “बेस केलंस.”

त्या सामन्यात ओरेस्ट दोन-चारदा बर्फावर उतरला. एक फटका घोट्यावर घेतला. गोल त्यानं केला नाही आणि होऊही दिला नाही. ताप उतरलेली पोरं दुसऱ्या दिवशी उठून बसली, आणि हा परत बसमध्ये. त्याला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. मग जॉईसनं आणलेली सॉसेजं खाल्ली आणि बरं वाटलं.

घोळ इकडं गावात झाला. सगळं डब्रोवा लुबाच्या बापाच्या हॉटेलात टीव्हीपुढं बसलेलं. पडद्यावर दिसला तो गुडघे टेकून मान खाली घातलेला पाठमोरा ओरेस्ट. बायांनी डोळे पुसले. रविवारी फादर बोहदाननं चर्चमध्ये सांगितलं, की बघा, एवढ्या झगमगाटातसुद्धा आपला पोरगा देवाला विसरला नाही. वसंतात ओरेस्ट खेळ सोडून घरी आला आणि भेटेल त्याला खरं काय ते सांगत सुटला. लोक त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणायचे, पोरगं किती नम्र बघा. एकटा मायकोला म्हणाला, “पाणी लावलं हुतंस का?” पाणी नव्हतं, थुंकी लावली, असं ओरेस्टनं सांगितल्यावर म्हातारा समाधान पावला.

तेव्हापासून ओरेस्टनं दगड वेचले, गहू केला, बापामागं रिंक हाती घेतलं. फादर बोहदानही मातीआड गेला. प्रार्थनेची गोष्ट तेवढी उरली.

“बरं, हातात काय हुतं म्हणतोस?” लुबानं विचारलं.

“बर्फाचा चुरा.”

“त्यो हमरस्त्यावनं दिसंल का? लोक म्हणत्याल, गडी पडलाय आन् त्याला कुणी उचलंना.”

ओरेस्टची नजर तिच्या खांद्यावरून जाळीकडं गेली होती. सकाळी शाळेची पोरं खेळून गेली होती आणि तिथं बोटभर खळगा पडला होता. तो कठड्यावरची किटली उचलून तसाच चालत गेला, हातमोजा दातानं ओढला, गुडघा कुरकुरत टेकला, चुरा गोळा केला, किटलीतलं पाणी त्यावर सोडलं आणि तळहात दाबून बसला. मान खाली, पाठ लुबाकडं.

त्या सामन्याच्या वेळी हॉटेलातल्या टीव्हीपुढं लुबा पहिल्या ओळीत बसली होती. तीच पाठ, तीच मान. फक्त तेव्हा पोट नव्हतं.

“आरं ओरेस्टा,” ती म्हणाली, “तवाबी असंच हुतं की.”

“मग काय सांगतोय म्या इतकी वर्सं?”

तिनं खिशातनं फोन काढला. “हलू नगंस.”

“कुटं हलतोय? हात चिकटलाय.”

तिनं मागून फोटो काढला, मग फिरून बाजूनं काढला. “रंगाऱ्याला पोट कमी कराय सांगू का?”

“ऱ्हाऊ दे. मिशीबी ऱ्हाऊ दे. आन् फलकाचं तोंड गावातनं जाणाऱ्याकडं कर.”

“का रं?”

“येणारा वाचून आत येतुया आन् मला बगून हिरमुसतुया. जाणाऱ्यानं मला बगितल्यालंच आसतंय.”

लुबा हसली, हात जोडलेला कागद घडी घालून कोटात कोंबला, आणि रंगाऱ्याला फोन लावत स्वयंपाकघराकडं गेली. चित्र बदललंय, हात खाली घ्यायचेत, हे तिचं बोलणं दार लागेपर्यंत ऐकू येत होतं.

ओरेस्टनं किटलीतलं ऊन पाणी सोडून हात सोडवला, जागा टाचेनं चाचपून बघितली आणि बर्फ तासायच्या यंत्रावर चढला. फर्गसवाले यायच्या आत सगळा बर्फ तासून व्हायचा होता.