लिनक्सवर येऊ दे, मग बघू

दातांच्या कारखान्यात त्यांना सगळे आचार्य म्हणायचे. हा मान नव्हे, शुद्ध टिंगल होती, आणि ती त्यांना बावीस वर्षांत कळली नाही यातच काय ते आलं. "आचार्य, तीन नंबर अडकलाय," अशी हाक आली की हे गृहस्थ खुर्चीतून सावकाश उठायचे, चष्मा वर सरकवायचे आणि अडकलेल्या संगणकाकडे नाक मुरडून बघायचे. "विंडोज आहे. दुसरं काय होणार?" हे वाक्य ठरलेलं.

कारखान्यात कवळ्या आणि कॅपा बनायच्या. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे, ते स्कॅन व्हायचे आणि पिठासारखी पांढरी धूळ उडवत यंत्रं एकेक दाढ कोरून काढायची. या यंत्रांना जोडलेले नऊ संगणक सांभाळणं हे आचार्यांचं काम. नऊच्या नऊ विंडोजवर चालणारे. आचार्य त्यांना दिवसभर शिव्या घालायचे आणि दिवसभर त्यांच्यापुढेच बसायचे. दुरुस्ती मात्र झटपट करायचे. तेवढं श्रेय द्यायला हवं, कारण पुढे त्यांना कसलंच श्रेय देण्याजोगं काही नाही.

घरचा कारभार वेगळा. घरी लिनक्स. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: संगणक चालवायची ही एक मोकळी प्रणाली. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, कुणा एकाच्या मालकीची नाही, कुणीही घ्यावी आणि वापरावी. गोष्ट चांगलीच आहे. लिनक्सबद्दल आपली काडीची तक्रार नाही. तक्रार आहे ती आचार्यांबद्दल. चांगली गोष्ट हाती लागली की काही माणसं चांगली होतात, काही नुसतीच ताठ होतात. हे दुसऱ्या प्रकारातले.

त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. शाळेने तिला दिलेला लॅपटॉप विंडोजचा. आचार्यांनी तो घरातल्या इंटरनेटला जोडू दिला नाही. त्याच्यासाठी वेगळी जोडणी करून दिली, ओली छत्री दाराबाहेर उभी करावी तशी. "माझ्या नेटवर्कमध्ये ते नको," म्हणाले. बायकोने पहिल्या वर्षी वाद घातला, दुसऱ्या वर्षी हात टेकले.

आता त्यांच्या ताईबद्दल. ताई पाच वर्षांनी मोठी, सात तासांवरच्या गावात राहणारी, कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करणारी. लहानपणी वडिलांनी ऑफिसातून मोडीत निघालेला एक संगणक घरी आणला होता. कीबोर्ड एकच आणि पोरं दोन. मग ताईने वाटणी केली: डावीकडची बटणं तिची, उजवीकडची याची. पडद्यावरच्या माणसाला ती पळवायची आणि हा उड्या मारायला लावायचा. दोघांची वेळ जुळली तर माणूस खड्डा ओलांडायचा, नाही तर थेट खाली. सबंध बालपण दोघांनी त्या एका माणसाला खड्ड्यात पाडण्यात घालवलं. ताई तेव्हापासून त्याला छोट्या म्हणते. पंचेचाळिशी आली, केस गेले, तरी छोट्याच.

सात वर्षांपूर्वी एक गेम आला आणि बघता बघता घरोघरी पोचला. त्यात एक तळं, बेटं, आणि एक होडी. होडीत दोघांनी बसायचं, आपापल्या घरून, इंटरनेटवरून. डावं वल्हं एकाकडे, उजवं दुसऱ्याकडे. दोघांचं जुळलं तर होडी सरळ जाते, एकट्याने मारलं तर जागच्या जागी गरगर फिरते. ताईच्या मुलीने तिला तो घेऊन दिला, आणि ताईने पहिला फोन कुणाला केला हे सांगायला नकोच.

"छोट्या, अरे आपलाच खेळ आहे हा! डावं वल्हं माझं, उजवं तुझं. शनिवारी मला अर्धी सुटी असते. चार वाजता ये."

"लिनक्सवर आहे का?" आचार्यांनी विचारलं.

"ते काय असतं?"

मग ताईने पाऊण तास व्याख्यान ऐकलं. गेम बनवणारे आधी विंडोजसाठी बनवतात, कारण गिऱ्हाईक तिथे. लिनक्सवर उतरवायचा तर वेगळी मेहनत लागते आणि ती करायची कंपनीवाल्यांच्या जिवावर येते. म्हणून आपण ठाम राहायचं, म्हणजे ते झक मारत येतील. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मग शनिवारी येतोस ना?"

"लिनक्सवर येऊ दे ताई, मग बघू."

आता कुणी जाणकार म्हणेल, अहो, विंडोजचा गेम लिनक्सवर चालवायच्या युक्त्या असतात की. असतात. आचार्यांना त्या तोंडपाठ होत्या. कारखान्यातल्या एका कारागिराने तसं सुचवलं तर आचार्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ती मागल्या दाराने घुसण्याची कामं. मी पुढच्या दाराने जाईन." पुढचं दार कुणी यांच्यासाठी झाडून ठेवलं होतं देव जाणे.

गेमच्या कंपनीच्या पानावर चर्चेची जागा होती. तिथे आचार्यांनी विषय काढला: 'लिनक्सवर कधी?' आणि दर महिन्याच्या एक तारखेला, विषय खाली जाऊ नये म्हणून, एकच ओळ लिहीत राहिले: 'अजून वाट पाहतोय.' स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस विसरणारा माणूस, पण ही तारीख चुकली नाही.

ताई पहिलं वर्षभर दर शनिवारी चारला फोन करायची. "आलास का रे?" एवढंच विचारायची. आचार्यांना त्याचा त्रास व्हायला लागला. शनिवारी दुपारी ते प्रणाली अद्ययावत करत बसायचे, त्यात व्यत्यय. शेवटी म्हणाले, "ताई, फोन नको करत जाऊस. काय असेल ते मेल कर. मी सवडीने बघतो."

ताई "बरं," म्हणाली. शनिवारचे फोन बंद झाले. आचार्यांना वाटलं, एकदाचं समजलं तिला.

या मेलचीही एक कथा आहे. आचार्यांचा मेल स्वतःचा. म्हणजे पत्ता एखाद्या कंपनीकडचा नव्हे. मेल घेणारं यंत्रच त्यांनी घरी कपाटात, चादरींच्या खालच्या खणात बसवलेलं. त्या यंत्राला त्यांनी नियम घालून दिला होता: ज्या मेलमध्ये चित्रं असतील, रंगीत अक्षरं असतील, दाबायची बटणं असतील, ती दारातच फेकायची. न विचारता, न दाखवता. "पत्र म्हणजे अक्षरं," ते अभिमानाने सांगायचे, "रंगरंगोटी हवी कशाला?" या नियमापायी मेहुण्याच्या मुलाच्या बारशाचं बोलावणं गेलं, विम्याची आठवण गेली, बायकोच्या शाळेच्या संमेलनाचं आमंत्रण गेलं. दर वेळी बायको डोक्याला हात लावायची आणि हे म्हणायचे, "साध्या अक्षरांत पाठवायला सांग त्यांना."

दीड वर्षापूर्वी ताई मोठ्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून यांच्याकडे उतरली. संधिवात. बोटांचे सांधे सुजलेले. पंचवीस वर्षं जाड कापडाच्या थप्प्यांवर कात्री चालवलेली बोटं ती. संध्याकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात डाव्या हाताचं फार तर वर्षभर. मग मूठ नाही वळायची."

"औषधं घे वेळेवर," आचार्य म्हणाले.

"घेते रे. पण छोट्या, वर्ष आहे बघ. एकदा तरी ये. मला त्या पलीकडच्या बेटावर जायचंय, तुझ्याबरोबर. दुसऱ्या कुणाबरोबर मी गेलेच नाही अजून."

आचार्यांनी तिच्या बोटांकडे बघितलं. नाही असं नाही. पण म्हणाले, "येतोय गं. ऐकतोय की काम सुरू झालंय. आता थोडक्यासाठी कशाला तत्त्व सोडायचं?"

"बोलावत तर असतेच मी," ताई म्हणाली. "तू ये."

मोठ्या बहिणी असं बोलतातच, असं आचार्यांना वाटलं.

ताई गेल्यावर बायकोने लॅपटॉप त्यांच्यापुढे आणून ठेवला. "हा घ्या. शाळेचं मी बघते. शनिवारी दोन तास बसा तिच्याबरोबर."

"विंडोजवर?"

"कामावर दिवसभर काय चालवता?"

"तो पोटाचा प्रश्न आहे."

"आणि हा?" बायकोने विचारलं.

आचार्य कपाटातल्या यंत्रावरची धूळ पुसायला गेले. पोटासाठी चालतं आणि बहिणीसाठी चालत नाही, असलं हे तत्त्व! अशा तत्त्वाला कुणी दोन पैशांची किंमत देऊ नये.

वर्ष गेलं, वर थोडे महिने गेले. एक तारखेला ओळ पडत राहिली: 'अजून वाट पाहतोय.' त्या चर्चेत आता लोक त्या ओळीखाली हसरे चेहरे टाकू लागले होते. एकाने विचारलं, 'तुम्ही अजून?' आचार्यांना वाटलं, विंडोजवाले खिजवताहेत. त्यांनी मान आणखी ताठ केली.

आणि एके दिवशी कंपनीने जाहीर केलं: गेम लिनक्सवर आला.

आचार्य त्या दिवशी कारखान्यात चक्क हसले. तीन नंबरच्या संगणकाला पाठीवर थोपटल्यासारखं थोपटलं. घरी आल्या आल्या बूटसुद्धा न काढता पडद्यापुढे बसले आणि कंपनीचं निवेदन वाचायला लागले. चौदा महिने काही निवडक लोकांना गेम चाचणीसाठी दिला होता, बाहेर न बोलण्याच्या अटीवर. त्यांचे आभार. आणि खाली एक ओळ: 'दर एक तारखेला विचारणाऱ्या आमच्या मित्राला आम्ही सर्वांत पहिलं निमंत्रण पाठवलं होतं. तीनदा पाठवलं. ते बहुधा कामात असावेत.'

आचार्यांनी ते दोनदा वाचलं. मग कपाटातल्या यंत्राची नोंदवही उघडली. कोणती मेल का फेकली, ते यंत्र इमानदारीत लिहून ठेवायचं, पण सात वर्षांत ते कधी उघडून बघायची यांना गरज वाटली नव्हती. आपल्याच नियमावर कोण संशय घेतो? कंपनीच्या तीन मेल तिथे होत्या. चित्र आहे, बटण आहे: फेकलं.

तेवढ्यावर थांबते तर बरं होतं. त्यांनी कंपनीचा पत्ता टाकून आणखी मागचं शोधलं आणि पडदा भरून ओळी आल्या. शनिवार, चार वाजता: होडीत बोलावणं, ताईकडून. फेकलं. पुढचा शनिवार, चार वाजता: होडीत बोलावणं, ताईकडून. फेकलं. गेममध्येच एक बटण होतं, दुसऱ्या खेळाडूला मेल पाठवायचं. 'काय असेल ते मेल कर' म्हणाले होते ना? तिने केलं. साडेपाच वर्षं, एकही शनिवार न चुकवता. तिच्या आजाराच्या वर्षातलेही सगळे शनिवार होते. शेवटची ओळ पाच महिन्यांपूर्वीची. त्यानंतर काही नाही.

आचार्यांनी फोन उचलला.

"ताई, आला गं! लिनक्सवर आला! मी आत्ता उतरवून घेतोय. आज शनिवारच आहे. ये."

"अरे वा," ताई म्हणाली. आवाजात खरंच आनंद होता, हेच वाईट. "जिंकलास की रे छोट्या. पण माझं आता नाही जमायचं. मूठच वळत नाही. तू खेळ. मला फोनवर सांग, त्या बेटावर काय आहे ते."

"ताई, तुझी बोलावणी..."

"असू दे रे. तुझं तत्त्व होतं. मला कळत होतं ते."

तिला वाटत होतं, त्याने ती सगळी वाचली आहेत. साडेपाच वर्षं दर शनिवारी वाचली आहेत आणि तरी आला नाही. आणि तसं वाटूनही ती बोलावत राहिली होती. आचार्यांनी खरं सांगितलं नाही. खरं तरी कुठे बरं होतं? "ठेवतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

गेम उतरला. सुरेख चालत होता, कुठे अडकत नव्हता. तळं आलं, धक्का आला, ताईने दोघांच्या नावावर करून ठेवलेली होडी आली. डाव्या बाजूला ताईचं नाव लिहिलेली फळी, उजव्या बाजूला 'छोट्या' अशी. तिने सात वर्षांपूर्वी रंगवून ठेवलेली. आचार्यांनी वल्हं मारलं. होडी जागच्या जागी गरगर फिरली. पडद्यावर अक्षरं आली: 'दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहोत. बोलवायचं?'

दुसरं काय करायचं ते न सुचून त्यांनी बटण दाबलं.

बायको खोलीत आली, त्यांच्या पायातले बूट बघितले, पडदा बघितला आणि दाराशीच उभी राहिली. थोड्या वेळाने फोन वाजला. ताईचा संदेश होता. उजव्या हाताच्या एका बोटाने लिहिलेला, म्हणून चुका होत्या.

'बोलावण मिळाल. होडीच चित्र किति छान येत रे त्यात. मी पाठवायचे त्यातही हेच यायच का?'