धक्का: सामान्य

बंदुकीचा दस्ता खांद्याला लावून तुम्ही कधी एक तरी बार काढलाय का? नसेल, तर 'बोअरचा आकडा लहान तितकी नळी रुंद, म्हणून बारा बोअरचा धक्का मोठा, वीसचा छोटा' असलं ज्ञान पाजळू नका. धक्केमामांना विचारा.

बंदुकीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मामांचं काम एकच: तयार झालेली प्रत्येक बंदूक चाचणीच्या खोलीत झाडून बघायची. मामांचं म्हणणं, धक्का काडतुसाइतकाच बंदुकीच्या वजनावर असतो. जड बारा बोअर नुसती रेलते, भरलं पोतं अंगावर यावं तशी. हलकी वीस बोअर मात्र गालफडात हाणते. मोठी रायफल एकदाच मारते, पण थेट हाडात. आणि बारक्या गोळीची बावीसची रायफल?

"ती काय, नातीची टपली."

आता मामांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. सकाळी शर्टाची बाही बायको चढवते.

"अहो, हात जरा सैल सोडा की."

"सोडला तर गळून पडेल. मग शोधत बसशील पलंगाखाली."

शेवटी मामांनी अर्ज केला. खांदा कामापायी गेला, मला भांडारात बसून करायचं काम द्या. व्यवस्थापकाने कारखान्याच्या डॉक्टरबाईंसमोर चाचणीची वही उघडली. 'धक्का' या रकान्यात पानामागून पान मामांच्याच अक्षरात एकच शब्द: सामान्य.

"सव्वीस वर्षं सगळं सामान्य, आणि खांदा तेवढा कामापायी गेला? मामा, आम्ही काय दूधखुळे आहोत?"

खरी गोष्ट वेगळी होती. 'जास्त' लिहिलं की बंदूक दुरुस्तीला जायची आणि फिरून मामांकडेच यायची, आणखी दहा बारांसाठी. ते दहा चुकवायला मामा 'सामान्य' लिहीत गेले. खांदा वाचवता वाचवता त्यांनी स्वतःच खांद्याविरुद्ध साक्ष लिहून ठेवली होती. हे त्यांनी बाईंना सांगितलं, अगदी हळू आवाजात.

"आज किती बंदुका बाकी आहेत?" बाईंनी विचारलं.

"चार."

"मी बघायला येते. जे जाणवेल तेच लिहायचं."

जड बारा बोअर झाली. सोळाची झाली. दोन्हींपुढे मामांनी 'सामान्य' लिहिलं, आणि ते खरंच होतं. हलक्या वीस बोअरने मात्र त्यांना भिंतीला टेकवलं. रायफलीनंतर ते स्टुलावर बसले ते उठेचनात. बाईंनी शर्ट बाजूला करून पाहिलं. खांदा लालबुंद, खाली जुन्या माराचा काळपट डाग.

मामांनी पेन उचललं. दारातून व्यवस्थापक म्हणाला, "दोन 'जास्त' म्हणजे वीस बार, मामा. विचार करा."

"विचार करण्यातच सव्वीस वर्षं गेली, साहेब."

त्यांनी दोनदा 'जास्त' लिहिलं.

"ते वीस बार मामा काढणार नाहीत," बाई म्हणाल्या आणि अर्जावर 'दुखापत कामामुळेच' असं लिहून सही केली.

"मग कोण काढणार?" व्यवस्थापकाने विचारलं.

खोलीत बंदुका जोडणारे दोघे फिटर उभे होते. कोणी खांदा पुढे केला नाही.

मामा आता भांडारात बसतात. बाही अजून बायकोच चढवते. गेलेला हात सहीने परत येत नाही. चाचणीच्या खोलीत नवा माणूस आलाय, वही मात्र तीच आहे.

तुमच्याही कामाच्या जागी अशी एखादी वही असेलच. आजच्या रकान्यात खरं काय ते लिहा. मामांसारखी सव्वीस वर्षं थांबू नका.