पाणी कमी नव्हतं

आज कुणीतरी बांधावरचं वाळलं गवत पेटवलं. तो धूर नाकात गेला आणि पीठ मळता मळता माझे हात थांबले.

बेंबळीजवळच्या या गावात मी तेव्हा नवी सून होते. उन्हाळा होता, टँकर आठ दिवसांनी यायचा. भर दुपारी शेजारच्या शेवंताबाईंच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. गंज गोठ्याच्या दारालाच लागून होती. आत गाय आणि वासरू.

"अगं बायांनो, पाणी आणा गं!" शेवंताबाई ओरडत होत्या.

मी भरलेली घागर कमरेवर घेऊन दारात आले, तर सासूबाईंनी मागून पदर धरला. "थांब. समोरचीला निघू दे आधी. आपलीच घागर रिकामी करायची व्हय?"

समोरची बाईही घागर घेऊन उंबऱ्यातच उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. सगळ्या गल्लीत तसंच. वासराचं हंबरणं ऐकू येत होतं.

तेवढ्यात म्हातारी गयाबाई प्यायच्या पाण्याचा तांब्या घेऊन लटपटत गेली आणि तो तिनं आगीवर ओतला. तांब्याभर पाण्यानं काय विझणार? पण मग आम्ही सगळ्याच धावलो.

दावं कापून गाय बाहेर काढता आली. वासरू गेलं.

शेवंताबाई आता थकल्यात. परवाही म्हणाल्या, "तुमी समद्या लई पळालात गं. पाणीच कमी पडलं, त्याला कोण काय करणार?"

मी नेहमीसारखी मान हलवली. पाणी कमी नव्हतं, हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.